सुतक फिटल्यानंतर

आज सर्वपित्री अमावस्या. सकाळी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून कावळ्याची वाट पाहताना आपला एक डोळा घड्याळावरही होता. लोकल काही पितरांसाठी थांबत नाही.

कर्मकांड मानो वा न मानो, दुःखाला किती वेळ लागतो याचा अदमास आपल्या रूढींना होता. दहा दिवस सुतक. त्या घरी चूल पेटायची नाही, पिठलं-भात शेजारून यायचा. तेराव्याला गोडाचे जेवण, मग सोयऱ्यांनी दुखवट्याचे कपडे आणायचे आणि खचलेल्या माणसाला हाताला धरून पुन्हा चारचौघांत बसवायचे. वर्षश्राद्धाला सगळ्यांनी परत जमायचे. अहेवपणी गेलेलीसाठी अविधवा नवमी, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आजची अमावस्या. कुणी राहून जाऊ नये, एवढी ही काळजी.

आपला जागेपणीचा बहुतेक काळ जिथे जातो, त्या कचेरीत मात्र दुःखाचे पंचांग नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची किरकोळ रजा आहे. शोकासाठी निराळी नाही. वडिलांचा दहावा आणि आपला ताप एकाच खात्यातून वजा होतात. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून अपत्य गमावलेल्या नोकरदार आईबापांना दोन आठवड्यांची रजा कायद्याने दिली. आपल्याकडेही १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली होती, पण ती त्या बाईच्या शरीरासाठी. बापाचे दुःख त्यात कुठेच नव्हते. आणि जिने लहानाचे मोठे केले ती मावशी गेली, तर रजेच्या अर्जातल्या ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात ती बसते का?

रजा वाढायलाच हवी. तरीही रजा संपल्यानंतरची पहिली सकाळ उरतेच. मुंडण केलेले डोके घेऊन माणूस आत येतो आणि सगळ्यांच्या नजरा पडद्यात शिरतात. व्हॉट्सॲपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून आपण मोकळे झालेलो असतो. (हात जोडलेली ती चित्रे किती स्वस्त झाली आहेत!) समोर आल्यावर काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून आपण फाइल पुढे करतो. खरे तर समाचाराला जाणारी आपली आजीही फार बोलत नसे; ती नुसती शेजारी बसे. साहेबाने दोन आठवडे मोठी जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवावी, तेराव्याच्या दिवशी मीटिंग लावू नये, पुढल्या वर्षीची ती तारीख आपल्या डायरीत टिपून ठेवावी. याला कायदा लागत नाही.

उद्या घटस्थापना. नऊ दिवसांत खंडेनवमी येईल, कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा पडतील, कचेरीत पेढे वाटले जातील. कुणाच्या तरी दाराला यंदा तोरण नसेल. त्याच्या टेबलाशी पेढ्याचा डबा नेताना आपण घटकाभर तिथेच बसू, आणि विचारू, ‘आई कशा आहेत आता?’