कारण कोणी सांगायचे?

आणीबाणी जाहीर झाल्यानंतर चारच दिवसांत, २९ जून १९७५ रोजी, एका वटहुकमाने ‘मिसा’ या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्यात १६-अ हे कलम घालण्यात आले. आणीबाणीच्या कारणास्तव स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्याच्या स्थानबद्धतेची कारणे कळवण्याचे बंधन या कलमाने सरकारवरून उठवले. माणसांना खटल्याविना डांबण्याची सोय त्याआधीही होतीच. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदानेच प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा दिली आहे. पण तिथे निदान कारणे कळवावी लागत, ती सल्लागार मंडळापुढे मांडावी लागत. आता तेही उरले नाही. पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीनुसार आणीबाणीच्या काळात मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून १ लाख १० हजारांहून अधिक माणसे अटकेत गेली. नऊ उच्च न्यायालयांनी अशा स्थानबद्धांचे म्हणणे ऐकून घेण्याचा आपला अधिकार शाबूत असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते निकाल फिरवले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले होते की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर दाद मागता येईल काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले. अधिकारशाहीचे तत्त्वज्ञान इतक्या थोडक्यात आणि इतक्या प्रांजळपणे आपल्याकडे क्वचितच मांडले गेले असेल.

व्यक्तिस्वातंत्र्यवाद आणि अधिकारशाही यांतला फरक सांगताना बहुतेक वेळा सरकारचा आकार मोजला जातो. कर कमी, खाती कमी, नियम कमी म्हणजे स्वातंत्र्य. सरकारचा हात सगळीकडे पोहोचला की अधिकारशाही. हे माप सोयीचे असले तरी फसवे आहे. दोन विचारांमधली खरी सीमारेषा एका वेगळ्या प्रश्नावर आहे: कारण देण्याची जबाबदारी कोणाची? जॉन लॉकपासून १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’ लिहिणाऱ्या मिलपर्यंत आणि तिथून विसाव्या शतकातल्या रॉबर्ट नॉझिकपर्यंतच्या परंपरेत मतभेद पुष्कळ आहेत, पण गृहीतक एक आहे. माणूस मुळात मोकळा आहे. त्याला अडवायचे असेल, तर अडवणाऱ्याने कारण सांगावे आणि ते तपासू द्यावे. दुसऱ्या बाजूला यादवीने पोळलेल्या इंग्लंडकडे पाहत १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’ लिहिणारा हॉब्स आहे, आणि अपवाद कोणता हे जो ठरवतो तोच सार्वभौम, असे मानणारा जर्मन विधिज्ञ कार्ल श्मिट आहे. त्यांच्या मांडणीत सुव्यवस्था आधी येते आणि स्वातंत्र्य तिच्यातून, तिच्या मर्जीने मिळते. म्हणून तिथे सवलत मागणाऱ्या नागरिकाने स्वतःची पात्रता सिद्ध करायची असते, सत्तेने नव्हे.

आकाराचे माप का फसते, हे चिलीने दाखवून दिले. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोचेट यांनी साल्वादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथवले आणि काही काळातच शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती अर्थव्यवस्था सोपवली. किमतींवरची नियंत्रणे उठली, आयातशुल्क घटले, सरकारी उद्योग विकले गेले, निवृत्तिवेतनसुद्धा खासगी झाले. ‘लहान सरकार’ हाच निकष लावला, तर ही व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांची पंढरीच म्हणावी लागेल. पण त्याच राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली आणि त्यांच्या आप्तांना वर्षानुवर्षे साधा खुलासाही मिळाला नाही. फ्रीडरिश हायेक यांच्यासारख्या विचारवंतानेही १९८१ मध्ये तिथल्या एका दैनिकाला मुलाखत देताना, उदारमतवाद नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा आपण पसंत करू, असे सांगून टाकले. स्वातंत्र्य म्हणजे बाजारपेठेतली मोकळीक एवढाच अर्थ घेतला, की इतका मोठा अभ्यासकही कुठे जाऊन पोहोचतो, याचा हा पुरावा आहे. याउलट स्कँडिनेव्हियातले देश जबर कर घेतात, पण तिथला नागरिक सरकारला कोर्टात खेचू शकतो, कागदपत्रे मागू शकतो आणि निवडणुकीत घरी बसवू शकतो. सरकार मोठे आहे, पण ते बांधलेले आहे.

हा प्रश्न हुकूमशहांच्या देशांपुरता नाही. निवडून आलेली, सर्वसाधारणपणे कायद्याने चालणारी सरकारेही काही दालनांत अधिकारशाहीच्याच रीतीने वागतात, आणि ते आपल्याला खटकतही नाही. कांद्याचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरमध्ये टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद झाली. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ होती; ती संपण्याआधीच वाढवण्यात आली आणि बंदी उठली ४ मे रोजी. दरम्यान एप्रिलमध्ये गुजरातेतल्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, तेव्हा लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने ‘मग आम्हाला का नाही?’ असे विचारले. ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू गैर नाही. पण शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी केलेला सगळा हिशेब एका रात्रीत मोडायचा असेल, तर तेवढ्याने किंमत किती उतरेल, तोटा कोण सोसेल आणि त्याची भरपाई कशी होईल, हे सांगण्याचे कोणतेही बंधन या व्यवस्थेत नाही. शेतकरी नेते शरद जोशी शेतकऱ्यांसाठी अनुदानाच्या आधी स्वातंत्र्य मागत होते, त्यामागचे मर्म हेच होते. आणीबाणीचा निषेध करणारा मध्यमवर्ग अशा अधिसूचनांचे मात्र स्वागत करतो, का, तर कारण न देता घेतलेला निर्णय या खेपेला त्याच्या फायद्याचा असतो.

यावर सर्वात वजनदार आक्षेप महाराष्ट्राच्याच इतिहासातून येतो. मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाड नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता तसा ठराव केला, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावाच लागला. बंदी सरकारची नव्हती, समाजाची होती. सत्ता मागे सरली की माणूस आपोआप मोकळा होतो, हे गृहीत धरणाऱ्या व्यक्तिस्वातंत्र्यवादाला या प्रसंगाचे उत्तर देता येत नाही. गाव, जात, धर्मपीठ, घर यांचीही सत्ता असते आणि ती कोणताही वटहुकूम न काढता चालते. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. मात्र त्यातून अधिकारशाहीचे समर्थन निघत नाही. निघते ते हे, की कारण मागण्याचा हक्क सरकारच्या दारापाशी थांबता कामा नये. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा याच न्यायाने समजून घेता येतो. जातपंचायत माणसाला वाळीत टाकते तेव्हा तिला कोणाला जाब द्यावा लागत नाही. कायदा ती सवलत काढून घेतो. त्याच वेळी सरकारलाही तक्रार, पुरावा, खटला या वाटेनेच जावे लागते. सरकारने हात घातला म्हणून असा कायदा स्वातंत्र्यविरोधी ठरत नाही. तो व्यक्तीच्या हाती दाद मागण्याचे साधन देतो. तरी अशाच धर्तीच्या, मुंबई प्रांताच्या १९४९ च्या बहिष्कृतीविरोधी कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्या खटल्यात धर्मपीठाची स्वायत्तता आणि सदस्याचे स्वातंत्र्य आमनेसामने आले होते. संस्थेचे स्वातंत्र्य आणि माणसाचे स्वातंत्र्य यांत निवड करायची असेल, तर स्वातंत्र्यवाद्याने माणसाकडे उभे राहायला हवे.

दुसरा आक्षेप वेगाचा आणि संकटाचा. युद्ध, साथ, दंगल यांत कारणमीमांसा करत बसायला वेळ कुठे असतो? आणि वेगाने निर्णय घेणारे सिंगापूर नाही का भरभराटीला आले? सिंगापूर खरेच भरभराटीला आले. पण एका कर्तबगार राजवटीवरून जाब न देणाऱ्या साऱ्या राजवटींचा अंदाज बांधता येत नाही. चूक झाली तर ती कळणार कशी, हा कळीचा मुद्दा आहे. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे भुकेने मेली, आणि तरी धान्याच्या विक्रमी उत्पादनाचे आकडे वर जात राहिले. खरे सांगण्याची हिंमत करणारा अधिकारीच शिक्षेस पात्र ठरत होता. निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे असलेल्या देशांत दुष्काळाचे महादुष्काळात रूपांतर होत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन याच अनुभवावर उभे आहे. संकटात कारण द्यायला वेळ नसेल, तर ते नंतर द्यावे. पण द्यावेच लागेल, हे आधी ठरलेले असावे. आपल्या संविधानाने हे शिकून घेतले आहे. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे ऐसपैस कारण काढून तिथे ‘सशस्त्र बंड’ आणले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही शाबूत ठेवला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने स्थानबद्धांविषयीचा १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला. २०२० मध्ये काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि त्यांचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा, असे सांगितले. यातल्या कशानेही सरकार दुबळे झालेले नाही.

म्हणून कोणत्याही नव्या कायद्याकडे पाहताना तो डावा की उजवा, सरकार वाढवणारा की घटवणारा, हे प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचे मानावेत. आधी विचारावे की, या कायद्याने ज्याला अडवले जाईल त्याला कारण लेखी मिळेल काय, ते कारण सरकारबाहेरचा कोणी तपासू शकेल काय, आणि या अधिकाराला काही मुदत आहे काय. तिन्ही उत्तरे नाही अशी असतील, तर कायद्याचा हेतू जनसुरक्षेचा असो, स्वस्ताईचा असो की समाजसुधारणेचा, तो अधिकारशाहीच्या खात्यात जमा होतो. आणि या प्रश्नांची खरी परीक्षा आपल्याला नावडणाऱ्या सरकारच्या कायद्यावर होत नाही. आपल्या आवडत्या सरकारने, आपल्या फायद्यासाठी, आपल्याला न आवडणाऱ्या माणसाविरुद्ध केलेल्या कायद्यालाही ते विचारता आले पाहिजेत. कारण तोच कायदा पुढच्या निवडणुकीनंतर दुसऱ्याच्या हाती जातो.