हमी सरकारची, मग सातबारा कशाला?



कोरडवाहू रानात दोन भावांचे भागत नाही, म्हणून धाकटा फाट्यावर हॉटेल टाकायचे म्हणतो. आमच्या तालुक्यातल्या अशाच एका पोराने सहा लाखांचे प्रकरण बँकेत नेले. भट्टी, भांडी, फ्रीज, टेबल-बाकडी, सगळ्यांची दरपत्रके जोडली होती. साहेबांनी कागद वरवर चाळले आणि विचारले, "बापाचा सातबारा आणला का? आणि दोन नोकरदार जामीनदार?" दुसऱ्या दिवशी बाप पाच एकरांचा उतारा काढायला तलाठ्याकडे निघाला. आम्ही त्याला वाटेतच थांबवले.

का थांबवले? सूक्ष्म व लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण घ्यायचे नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच दिला. हॉटेल, खानावळ हा सेवा उद्योगच आहे. बँकेचे पैसे बुडण्याचे भय जावे म्हणून २००० साली केंद्र सरकार आणि सिडबीने पतहमी निधी उभा केला. ८ एप्रिल २०१५ ला मुद्रा योजना आली: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तिच्यामागेही असाच हमी निधी आहे. सरकार बँकेच्या पाठीशी उभे, तरी बँकेला बापाची जमीन हवीच! एका बैलाला दोन दावी कशासाठी?

आता दुसरी बाजूही ऐका. ही हमी तुम्हाला दिलेली नाही, बँकेला दिलेली आहे. हॉटेल बुडाले तर निधी बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा भरून देतो. तुमचे कर्ज मात्र माफ होत नाही, वसुली चालूच राहते. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

आणि हॉटेल बुडू शकते. फाट्यावरचे गिऱ्हाईक म्हणजे आपणच. कापसाचा भाव पडला की चहाची उधारी वहीत चढते आणि गल्ला रिकामा राहतो. म्हणजे पीक आणि धंदा एकाच दुष्काळात बसतात. त्यात सातबाराही बँकेत अडकला, तर पुढच्या मृगाला पेरायचे कशात?

हॉटेल काढू नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्वारी आपण क्विंटलने विकतो, तिचीच भाकरी हॉटेलात नगाने विकली जाते. त्यातला पैसा आपल्या पोराने का मिळवू नये? पण वाफसा पाहून पेरतो, तसा आधी हिशेब मांडा. मंदीच्या महिन्यात हप्ता निघत असेल, तरच कर्ज घ्या.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नाकारले तर कारण लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अशी अडलेली सर्व प्रकरणे जिल्हा बैठकीला आणा. एकेकटे गेलो तर साहेब खुर्चीही देत नाहीत. पन्नास जण पोच घेऊन गेलो तर नियमाचे पुस्तक त्यांनाच उघडावे लागेल.

तोवर सातबारा घरच्या पेटीतच राहू द्या.