पुतळा आणि स्वर

लोकप्रिय कलावंताच्या निधनानंतर त्याच्या स्मृतीचे रक्षण कोणी आणि कसे करावयाचे, हा प्रश्न इटलीतील पेसारो शहरात डिसेंबर २०२५ मध्ये अनपेक्षितपणे उभा राहिला. रॉसिनीच्या या जन्मगावी ऑपेरागायक लुचानो पावारोत्ती यांचा पूर्णाकृती पुतळा २०२४ मध्ये बसविण्यात आला होता. नाताळानिमित्त तेथे बर्फावर घसरण्याचे क्रीडांगण उभारताना हा पुतळा नेमका त्याच्या मधोमध सापडला व गुडघ्यापर्यंत त्यात बुडाला. पावारोत्ती यांच्या पत्नीने जाहीर नाराजी व्यक्त केली, चाहते संतापले आणि नगराध्यक्षांना चूक मान्य करावी लागली.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा गवगवा कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या गायकाने स्वतःच ऑपेरा नाट्यगृहाबाहेर आणला, त्याच्या पुतळ्याभोवती मुले खेळली तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मोदेना येथील एका पाववाल्याच्या या मुलाने १९६१ मध्ये रंगभूमीवर पदार्पण केले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकाच गीतात अतिउंच ‘सी’ स्वर नऊ वेळा लीलया लावून त्यांनी जाणकारांना थक्क केले. पुढे १९९० मध्ये, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने, दोमिंगो व कारेरास यांच्यासह ते रोमच्या प्राचीन भग्नावशेषांत गायिले. १९९१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये भर पावसात लोकांनी त्यांना ऐकले. सोवळ्या रसिकांनी त्यांच्यावर कला बाजारात मांडल्याचा ठपका ठेवला. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात १९९२ मध्ये स्वर चुकला तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविण्यासही कमी केले नाही.

तथापि, या दोन गोष्टींत एक मूलभूत भेद आहे, आणि तो दृष्टीआड होऊ नये असे आम्हांस वाटते. मैदानात गातानाही पावारोत्ती यांनी लोकांपुढे ठेवले ते गाणेच. त्या गाण्यासाठी माणसे पावसात भिजली. पेसारोत मात्र गाणे कोठेच नव्हते; उरली होती केवळ एक ओळखीची आकृती, गमतीला उपयोगी पडणारी. कला लोकांपर्यंत नेणे वेगळे आणि कलावंताला शोभेची वस्तू करणे वेगळे. चाहत्यांना जे खुपले ते हेच.

६ सप्टेंबर २००७ रोजी पावारोत्ती निवर्तले, तेव्हा मोदेनाच्या प्रार्थनामंदिरात अंत्यदर्शनासाठी अक्षरशः रीघ लागली. त्यांतील कित्येकांनी ऑपेराच्या नाट्यगृहाची पायरी कधी चढली नसेल. अंत्यविधीच्या वेळी पावारोत्ती व त्यांचे वडील यांनी एकत्र गायिलेल्या भक्तिगीताची ध्वनिमुद्रिका वाजविण्यात आली. हौशी गायक असलेला पाववाला पिता आणि जगद्विख्यात पुत्र यांचे स्वर त्या मंदिरात पुन्हा एकत्र आले. असे स्मारक कोणत्याही शिल्पकाराला घडविता येणार नाही.

मात्र ध्वनिमुद्रिकांनी एक मोह निर्माण केला आहे, हेही सांगितले पाहिजे. गेलेला गायक घरबसल्या ऐकावयास मिळत असल्याने चाहत्यांची निष्ठा भूतकाळातच रमते; आणि आज जो तरुण रिकाम्या खुर्च्यांपुढे गात आहे, त्याची तुलना मृताशी करून त्यास मोडीत काढणे सोपे होते. पावारोत्ती यांची स्वतःची वृत्ती अशी नव्हती. १९८० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे त्यांनी नवोदित गायकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविल्या, आणि उतारवयात मोदेना येथे ते विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले.

पुतळ्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्याचे नाव अद्याप कोणास ठाऊक नाही अशा गायकाचे तिकीट काढून, शेवटच्या स्वरापर्यंत शांतपणे बसून राहणारा श्रोताच पावारोत्ती यांच्या स्मृतीची खरी राखण करतो, असे आमचे मत आहे.