‘गुणी’ मुलाचे अदृश्य श्रम

आम्हां शिक्षकांची ‘गुणी’ मुलाविषयीं एक ठरीव कसोटी असते. जो वर्गांत निश्चल बसतो, डोळ्यांस डोळा भिडवून उत्तर देतो व मधल्या सुटींत चारचौघांत मिसळतो, तो गुणी. या कसोटीस उतरण्यासाठीं कांहीं मुलांस केवढी किंमत द्यावी लागते, याचा विचार आम्हीं क्वचितच केला आहे.

ही मुलें म्हणजे स्वमग्न मुलें होत. सन १९४३ मध्यें अमेरिकेंतील डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मनाची जन्मजात निराळी घडण आहे. आईबापांच्या लाडांचें वा दुर्लक्षाचें फळ नव्हे. अशा मुलास घंटेचा नाद असह्य होऊं शकतो. गुरुजींच्या डोळ्यांकडे पाहूं गेल्यास त्यांचे शब्दच निसटतात. तथापि आपलें हंसें होऊं नये म्हणून पुष्कळ मुलें, विशेषतः मुली, मुखवटा धारण करितात. वाक्य आधीं मनांत घोकितात, इतर हंसले म्हणजे हंसतात, चाळा करणारे हात बाकाखालीं दडवितात.

सन २०१९ मध्यें इंग्लंडमधील संशोधकांनीं हा मुखवटा मोजण्यासाठीं २५ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मुखवटा जितका दाट, तितकी चिंता व खिन्नता अधिक, असें प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या अभ्यासांत दिसून आलें आहे.

शाळेंत दिवसभर शांत असलेलें मूल घरीं पोहोंचतांच दप्तर फेकून रडूं लागतें. पालक चिंतातुर होऊन विचारावयास आले, तर “शाळेंत तर कांहीं तक्रार नाहीं, घरींच लाड होत असावेत,” असें उत्तर आम्हीं दिलें आहे. तें उत्तर चुकीचें होतें, हें कबूल करणें आमचें कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, शिष्टाचार तर सर्वांसच पाळावा लागतो. खरें आहे, परंतु नटास प्रयोग संपल्यावर रंग पुसतां येतो, या मुलांस पडद्याआड जाण्यास जागाच नसते. शिवाय सत्य बोलणें व कोणास इजा न करणें हा धर्म होय. डोळ्यांत पाहणें हा केवळ रिवाज आहे. रिवाजासाठीं लेंकराचें मन कां मोडावें?

आपल्या देशाच्या सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. पण कायद्यापूर्वीं आपुलकी हवी. शिक्षकांनीं नजरेचा आग्रह सोडावा, वेळापत्रकांतील बदल आदल्या दिवशीं सांगावा, एखादा निवांत कोपरा राखावा. पालकांनीं घरीं आलेल्या मुलास प्रथम विसावा द्यावा, प्रश्न मागाहून विचारावे. आणि विद्यार्थिमित्रहो, एकटा बसणाऱ्या सोबत्याची नक्कल न करितां त्याच्याशेजारीं मुकाट्यानें बसावें. तीही मैत्रीच होय.

कळपाबाहेर गेलेलें मेंढरूं मेंढपाळास चटकन उमगतें. कळपांत उभें राहूनही एकाकी पडलेलें मेंढरूं ओळखणें कठीण. आमची खरी परीक्षा तेथेंच आहे.