दात कंपनीचे, डिझेल आमचे



आम्ही एडवणहून लिहितो आहोत. पालघर जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव. आमच्याकडे कापूस नाही, ज्वारी नाही. पानवेल, केळी, भाजीपाला यांवर आमचे घर चालते. मग कोरडवाहू शेतकऱ्याशी आम्हाला काय बोलायचे आहे? पिकाचे काहीच नाही. तुमच्या आणि आमच्या दारात उभी असलेली पिकअप एकच आहे आणि तिच्या टाकीतून दोघांचाही पैसा सारखाच गळतो आहे, म्हणून बोलायचे आहे.

१९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत. बैलाचा कडबा घरचा होता. पुढे १९८६ साली ४०७ आली, २००५ साली छोटा हत्ती आला, पिकअप तर गावोगाव झाल्या. यांचा कडबा पंपावर विकत घ्यावा लागतो. त्या कडब्याचा भाव सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा सोडला. मार्च २०१२ मध्ये आमच्या कापसाला जरा भाव मिळू लागताच निर्यात एका फटक्यात बंद झाली होती, हे विसरू नका. आमचा माल बांधून ठेवायचा आणि आम्ही घेतो तो माल मोकळा सोडायचा, ही यांची मोकळी बाजारपेठ!

पण आजचे भांडण सरकारशी कमी आणि गाडीवाल्या कारखानदारांशी जास्त आहे.

गाडी घ्यायला दुकानात जा. हप्ता किती, पासिंग किती, गिअर पाच की सहा, अ‍ॅव्हरेज किती, सगळे तोंडपाठ सांगतात. आम्ही विचारले, "मागच्या हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन किती दातांचे आहे?" विक्रेता आमच्याकडे असा पाहू लागला, जणू आम्ही त्याच्या घरातली भांडी मोजायला निघालो आहोत. आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "काका, ते कंपनी ठरवते."

तेच तर! कंपनी ठरवते आणि डिझेल आम्ही भरतो.

हे दात म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. इंजिनाचा फेरा गिअरबॉक्समधून शाफ्टवर येतो. शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते, ते मोठ्या क्राऊनला फिरवते आणि क्राऊन चाकाला. समजा पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ३९. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे. दुसऱ्या गाडीत १० आणि ४१ असतील तर ४.१ फेरे. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४७६ वेळा फिरते. थेट गिअरवर, म्हणजे गिअरबॉक्समध्ये एकास एक असताना, पहिल्या गाडीचे इंजिन मिनिटाला २३२० फेरे घेईल आणि दुसरीचे १९५०. रस्ता तोच, माल तोच, वेग तोच. पण एक इंजिन दर मिनिटाला पावणेचारशे फेरे जास्त घेते. प्रत्येक जादा फेऱ्यात पिस्टन घासतो, पंप फिरतो, आणि त्याला डिझेल लागते.

मग सगळ्यांना ४.१ द्या, प्रश्न मिटला? नाही मिटला. अर्धे ज्ञान घेऊन गॅरेजला जाणाऱ्यांची फसगत इथेच होते.

एडवणहून भाजी भरून निघालेली गाडी पाहा. सफाळ्यापर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट. पुढे वरईकडे जाताना तांदूळवाडीचा घाट आडवा येतो. घाट ओलांडला की मुंबई-अहमदाबाद महामार्ग. एका खेपेत तीन तऱ्हेचे रस्ते. महामार्गावर ४.१ ची गाडी डिझेल वाचवते. पण भरल्या मालानिशी घाटात तिची ओढ कमी पडते. ड्रायव्हर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो, क्लच घासतो, इंजिन ठोके देऊ लागते. डिझेल इंजिन कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त काम देते ते त्याचा जोर सर्वाधिक असतो त्या फेऱ्यांच्या आसपास. या गाड्यांत साधारण १५०० ते २२०० च्या दरम्यान. त्याच्या खाली दाबून चालवले तर वाचल्यासारखे वाटते आणि वाचत मात्र नाही. पूर्वी काळा धूर दिसायचा, तेव्हा चूक कळायची. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत काजळी जाळीत अडकते आणि ती जाळी साफ करायला पुन्हा डिझेलच जळते.

आता तुमचे रान पाहा. काळ्या मातीतली पांदण, एक पाऊस पडला की चाक आसापर्यंत रुतते. तिथून ज्वारीची पोती काढायला ४.८८ ची ताकद हवी. पण तीच गाडी मोकळा कापूस भरून डांबरी रस्त्याने जिनिंगला निघाली की गोष्ट उलटते. कापसाचे वजन कमी, पण ढीग टपाच्या वर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात की तो पावणेदोन पटीच्याही वर जातो. त्यात ४.८८ चे इंजिन थेट गिअरवर ३१०० फेऱ्यांनी ओरडत असते. तारापूरच्या कारखान्यांचा माल सपाट रस्त्याने नेणारा आणि पांदणीतून पोती ओढणारा, दोघांना एकच दात कसे पुरतील? एकाच मापाचे जोडे सगळ्या गावाला घालावेत, तसला हा प्रकार.

किती पैशांचा प्रश्न आहे? वर्षाला २०,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १२ ऐवजी ११ देऊ लागली तर सुमारे १५० लिटर जास्त लागते. डिझेल ९० रुपये धरा. साडेतेरा हजार रुपये झाले. त्याचा कापूस किती क्विंटल, तो हिशेब ज्याने त्याने आपल्याला मिळालेल्या भावाने करावा.

अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअप मिळतात. तिथे साडेआठ हजार पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर एकूण वजनक्षमता असलेल्या पिकअपवर सरकारी अ‍ॅव्हरेजची चिठ्ठी लावण्याची सक्ती नाही. तिथलाही गिऱ्हाईक त्या बाबतीत अंधारातच. पण मागच्या आसाचे प्रमाण ३.४२, ३.७३, ४.१० असे आकड्यात दिलेले असते, त्यातून गिऱ्हाईक निवडतो आणि कोणत्या प्रमाणाला किती वजन ओढता येईल तेही कंपनी लिहून देते. तिथला शेतकरी काही आमच्यापेक्षा शहाणा जन्मत नाही. त्याला आकडा सांगितला जातो, आम्हाला हप्ता सांगितला जातो.

आपल्याकडे १२ टनांवरच्या वाहनांसाठी इंधनखपतीचे निकष २०१७ साली काढले. मोजमाप कसे? ताशी ४० आणि ६० च्या स्थिर वेगाने. पांदणीत, घाटात, बाजार समितीच्या फाटकापुढच्या रांगेत स्थिर वेग कुठला आला?

मागणी साधी आहे. कोटेशनच्या कागदावर प्रत्येक गिअरचे आणि मागच्या आसाचे प्रमाण आकड्यात छापा. भरल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज लिहा, रिकाम्या गाडीचे नको. आणि निदान दोन प्रमाणांतून निवड द्या, जादा पैसे न घेता. यात कोणाची मेहेरबानी नको. विकत घेणाऱ्याचा हा हक्क आहे.

आपल्यातल्यांनाही एक सांगणे आहे. भंगार बाजारातून दुसरे क्राऊन-पिनियन आणून बसवण्याची टूम निघाली आहे. ज्या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, तिथे दात बदलले की मीटर खोटे बोलू लागते. ४.१ काढून ४.८८ बसवले तर मीटर जास्त किलोमीटर दाखवते आणि अ‍ॅव्हरेज वाढले म्हणून मालक पेढे वाटतो! हा खर्च करण्यापूर्वी पासिंगपेक्षा जास्त भरणे थांबवा आणि टायरची हवा तपासा. त्याला भंगार बाजार लागत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गाडीवाल्याने एवढे करावे. टाकी काठोकाठ भरावी, मालासकट एक खेप करावी, पुन्हा काठोकाठ भरून लिटर लिहावेत. अंतर मैलाच्या दगडांवरून घ्यावे, मीटरवरून नको. सोबत माल किती होता, रस्ता कसला होता आणि मिस्त्रीला विचारून क्राऊन-पिनियनचे दात किती, हे लिहून कागद आणावा. आम्ही एडवणच्या गाड्यांचे कागद घेऊन येतो आहोत.