बाहेरचं किचन बांधताय? आधी सांगाडा बघा

गेल्या व्हिडिओनंतर कोकणातल्या बऱ्याच होमस्टेवाल्यांनी विचारलं, "सर, बाहेरच्या किचनला ग्रॅनाइट कुठलं घेऊ?" माझं म्हणणं, ग्रॅनाइट नंतर. आधी ते कशावर बसणार, ते ठरवा.

मी रत्नागिरीत दुकानामागे ओटा केला, तेव्हा फॅब्रिकेटरचं ऐकून लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम घेतली. दोन हात रंग, दिसायला एकदम झकास. तिसऱ्या पावसाळ्यात एक पाय बसला आणि अख्खा ओटा कलला. रंग शाबूत, पाइप आतून गंजून गेलेला. बायको नुकतीच तिथून भांडी उचलून आत गेली होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून समुद्राजवळ असाल तर सरळ जांभ्याच्या भिंती घाला. चिरा इथलाच, गवंडीही इथलाच. वर ग्रॅनाइट. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू-कोकम सांडलं की डाग पडलाच. लाकडाची चूल असेल तर तिच्याभोवती फायरब्रिक लावा.

स्टीलच हवंय? मग ३१६ ग्रेड मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं. महाग आहे, हो. आणि "लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. स्वस्तातलं २०२ सुद्धा सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

चिऱ्याच्या कामाला दिवस जास्त लागतात, मान्य. सीझनच्या आत उरकायची घाई मीही केली होती.