बहिरा कोण?

उतारवयांत ऐकूं येईनासें झालें कीं आमचीं सुशिक्षित कुटुंबें एक श्रवणयंत्र विकत आणतात आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानतात. हा समज आम्हांस सर्वस्वीं चुकीचा वाटतो. यंत्र आवाज वाढवितें. पण त्याबरोबर भांड्यांचा खणखणाटही वाढवितें. वार्धक्यांतील बहिरेपणांत बहुधा प्रथम उंच पट्टीचे ध्वनि लोपतात. स्वर ऐकूं येतात, पण 'स', 'श' यांसारखीं व्यंजनें निसटतात. अशा माणसापुढें ओरडल्यानें अर्थबोध होत नाहीं, अपमान मात्र होतो.

'त्यांनींच पुन्हां विचारावें,' असें कोणी म्हणेल. बेथोव्हेननें १८०२ सालीं भावांना उद्देशून लिहिलेलें पत्र त्यानें पाहावें. मला ऐकूं येत नाहीं, मोठ्यानें बोला, एवढें चारचौघांत सांगणें त्या प्रतिभावंतासही जमलें नाहीं. तो लोकांपासून दूर राहूं लागला. मग तें आमच्या आजोबांना जमावें काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत दोन्ही कानांत ६० डेसिबलची हानि झाल्यावांचून श्रवणदोषाची गणना होत नाहीं. त्याहून कमी हानि असलेल्यांकडे समाजानेंच पाहिलें पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघांनीं व ग्रंथालयांनीं अशा मंडळींची साप्ताहिक बैठक भरवावी. तेथें ओठांवरून बोलणें ओळखण्याचा अभ्यास व्हावा. घरच्यांनींही तेथें येऊन शिकावें: उजेडांत समोर बसावें, एका वेळीं एकानेंच बोलावें, सावकाश बोलावें. 'कांहीं नाहीं, जाऊं द्या' असें ज्या घरांत आजोबांना सांगितलें जातें, तेथें खरा बहिरा कोण, हें वाचकांनींच ठरवावें.